नव्या तालुका कार्यालयात रॅम्प आहे, पण व्हीलचेअर चढत नाही: तक्रार कुठे आणि कशी करायची?

सह्यकडा

एका तालुक्याच्या ठिकाणी मध्यवर्ती प्रशासकीय इमारत बांधून झाली आणि कार्यालयं तिथे हलली. दिव्यांगांच्या दृष्टीने तिथली स्थिती अशी आहे. दारापाशी साधारण १५ सेंटीमीटरच्या पाच पायऱ्या. बाजूने रॅम्प आहे, पण त्याची लांबी जेमतेम ४ मीटर, वर गुळगुळीत फरशी आणि कठडा एकाच बाजूला. संजय गांधी निराधार योजनेची शाखा पहिल्या मजल्यावर. लिफ्ट बसवलेली आहे, पण सुरूच झालेली नाही. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाला कुलूप असून आत जुनी दफ्तरं रचून ठेवली आहेत.

तोंडी विचारलं की उत्तर मिळतं, "नियमाप्रमाणे रॅम्प केलेला आहे."

माझ्या माहितीप्रमाणे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सरकारी इमारतींनाही पाच वर्षांची मुदत दिली होती आणि ती संपली आहे. ही तर नवी इमारत. मग तक्रार कोणाकडे करायची, तिच्यात काय लिहायचं? दिव्यांग आयुक्त दंड करू शकतात का? २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेच्या (दिव्यांगांना विनाअडथळा वापरता येण्याच्या) नियमातला काही भाग बेकायदा ठरवला, असं वाचलं. मग आता बोट ठेवायचं तरी कशावर? आणि जो कायदा सरकारने केला तोच सरकारच्या इमारतीत पाळला जात नसेल, तर हक्काचं रक्षण नक्की कोणाच्या हातात आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

ओळंबा

इमारतीच्या बाजूने सांगतो. कायद्याचं इतर जण लिहितील.

आधी आकडे बघा. पाच पायऱ्या गुणिले १५० मिमी म्हणजे ७५० मिमी चढ. सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांत रॅम्पचा जास्तीत जास्त उतार १ः१२ आहे, म्हणजे १ एकक चढायला १२ एकक लांबी. ७५० मिमीसाठी ९ मीटर उताराची लांबी लागते. खाली आणि वर प्रत्येकी किमान १.५ मीटरची सपाट जागा धरली तर १२ मीटर. आणि चढ जास्त असेल तर उतार आणखी सौम्य, १ः१५ किंवा १ः२०, ठेवणं योग्य. तिथे आहे ४ मीटर, म्हणजे उतार जवळपास १ः५, कोनात सुमारे ११ अंश. १ः१२ चा कोन ४.८ अंश येतो.

याने होतं काय? ७० किलोचा माणूस आणि २० किलोची खुर्ची धरा. १ः१२ वर खुर्ची नुसती जागेवर धरायला साडेसात किलोचा जोर लागतो. १ः५ वर तोच जोर जवळपास १७ किलो. स्वतः चाकं फिरवणाऱ्या माणसाचं वजन चढताना मागे जातं आणि खुर्ची मागच्या मागे उलटते. उतरताना ब्रेक लावला तर गुळगुळीत फरशीवरून ती घसरते. त्यामुळे तो रॅम्प "थोडा चढणीचा" नाही, वापरायला धोकादायक आहे. तक्रारीत हाच शब्द वापरा.

माप घ्यायला अवजड काही लागत नाही. १२०० मिमी लांबीची सरळ पट्टी आणि गवंड्याची पाणसळ घ्या. पट्टीचं वरचं टोक रॅम्पवर टेकवा, खालचं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला आणि खालच्या टोकापासून फरशीपर्यंतची फट मोजा. १०० मिमी भरली तर उतार १ः१२. त्याहून जास्त भरली तर रॅम्प चूक. तुमच्या इथे ती २३० च्या आसपास भरेल. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजा, कारण टोकाला उतार अचानक वाढवलेला असतो. फोटोत टेपवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. मोबाईलमधलं कोन दाखवणारं ॲप चालतं, पण ते आधी सपाट जागेवर शून्य करून घ्या.

सोबत एवढं तपासा: मोकळी रुंदी किमान १२०० मिमी आहे का, कठडा दोन्ही बाजूंना आणि दोन उंचींवर आहे का, वरचा साधारण ९०० मिमीवर, कडेला चाक घसरू नये म्हणून उंचवटा आहे का, वर पोचल्यावर दारासमोर खुर्ची वळवायला १५०० बाय १५०० मिमी सपाट जागा आहे का, दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी आहे का, उंबरा किती. रॅम्पच्या पायथ्याशी पावसाच्या पाण्याची जाळी असेल तर तिच्या फटींची दिशाही बघा. फटी चालण्याच्या दिशेने असल्या की पुढची लहान चाकं त्यांत अडकतात. पायथ्याशी दुचाकी लावल्या जात असतील तर तोही फोटो घ्या, कारण तिथली मोकळी जागा रॅम्पचाच भाग आहे.

आता हे बिघडतं कुठे. गवंड्याच्या हातून क्वचितच. नकाशात जोतं तीन पायऱ्यांचं असतं आणि त्या हिशेबाने रॅम्प काढलेला असतो. प्रत्यक्षात आवाराची पातळी खाली राहते किंवा जोतं वर घेतलं जातं, पायऱ्या पाच होतात. पायऱ्या वाढवायला जागा असते. रॅम्पची लांबी मात्र नकाशातलीच राहते आणि सगळा वाढीव चढ तेवढ्याच लांबीत कोंबला जातो. शिवाय अंदाजपत्रकात रॅम्प अनेकदा ठोक रकमेत धरलेला असतो, त्यामुळे तो झाला की नाही एवढंच बघितलं जातं, किती उताराचा झाला हे नाही.

म्हणून मंजूर नकाशा मिळवणं फार महत्त्वाचं. नकाशात १ः१२ असेल आणि जागेवर १ः५ असेल, तर ते सदोष काम ठरतं. दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम झाल्यावर त्यातल्या दोषांना ठेकेदार जबाबदार असतो ती मुदत, संपलेली नसेल तर ठेकेदाराला ते स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करावं लागतं, त्याची सुरक्षा अनामत अजून खात्याकडे असते. नकाशाच चुकीचा असेल तर ठेकेदार सुटतो, जबाबदारी नकाशा मंजूर करणाऱ्यांवर येते आणि नव्या अंदाजपत्रकाची गरज पडते. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत आणि पहिल्या वाटेला मुदत आहे. तेव्हा घाई करा.

लिफ्टचं निराळं आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यात स्थापत्य आणि विद्युत असे वेगळे विभाग असतात. स्थापत्यवाल्यांना विचाराल तर "आमच्याकडे नाही" हे उत्तर खरंच असतं. लिफ्ट वापरायला विद्युत निरीक्षक कार्यालयाचा परवाना लागतो. परवाना झालेला नाही, वाढीव वीजभार मंजूर नाही किंवा वार्षिक देखभालीचा करार नाही, या तिघांपैकी एक कारण बहुधा निघतं. तिन्ही लेखी विचारा.

स्थळप्रत

ओळंबा यांनी दिलेली मापं हाच तक्रारीचा कणा. "दिव्यांगांची गैरसोय होते" असं लिहिलं की "रॅम्प आहे" असं उत्तर येतं आणि फाईल बंद होते. "कमाल १ः१२ असताना १ः५ उतार" असं लिहिलं की उत्तर देणाऱ्यालाही आकड्यातच बोलावं लागतं.

कायदा आधी. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या इमारतींची पाच वर्षं कलम ४५ मध्ये आहेत. नियम १५ जून २०१७ ला अधिसूचित झाले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. तुमची इमारत नवी असल्यामुळे मुख्य कलम ४४: नियमांप्रमाणे नसलेल्या आराखड्याला बांधकाम परवानगी द्यायची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. इथे मुदतीचा प्रश्नच येत नाही. कलम ४५ पूरक म्हणून लिहा, मुख्य म्हणून नको. नाहीतर "टप्प्याटप्प्याने करू" हे उत्तर ठरलेलं.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाबद्दल गैरसमज पसरला आहे. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने २०१७ च्या नियमांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, तो सुगम्यता सक्तीची करतो म्हणून नव्हे, तर पुरेशी सक्तीची करत नाही म्हणून. कायदा "केलंच पाहिजे" म्हणतो आणि नियमाने मापांना नुसत्या मार्गदर्शक सूचनांचं रूप दिलं, हा आक्षेप होता. किमान मापं बंधनकारक करणारे नियम तीन महिन्यांत करा, असं केंद्राला सांगितलं. आणि तोवर आधीच्या मानकांप्रमाणे काम चालूच राहिलं पाहिजे, हेही स्पष्ट केलं. म्हणजे कोणी "नियम रद्द झालाय" म्हणालं तर हा निकाल तुमच्या बाजूचा आहे. त्याशिवाय मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक भागाला लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही अडथळाविरहित प्रवेशाच्या तरतुदी आहेत. तीही तक्रारीत लिहा, म्हणजे सगळा भार एकाच नियमावर राहत नाही.

कागद मिळवायला माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे रॅम्प आणि लिफ्ट वेगवेगळ्या अर्जांत विचारा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तो लागत नाही. रॅम्पच्या अर्जात मागा: मंजूर नकाशा, अंदाजपत्रकातली रॅम्पची बाब, मोजमाप पुस्तिकेतली त्याची नोंद, पूर्णत्वाचा दाखला किंवा इमारत ताब्यात घेतल्याचा कागद, दोषदायित्व कालावधीची शेवटची तारीख. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. याच कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही अधिकार आहे. तो फार कमी लोक वापरतात.

माहितीची वाट बघत तक्रार थांबवू नका. लेखी अर्ज तिघांच्या नावे द्या: तहसीलदार, सार्वजनिक बांधकाम विभागाचे कार्यकारी अभियंता आणि जिल्हाधिकारी. एकालाच दिला की तहसीलदार म्हणतात इमारत बांधकाम खात्याची, बांधकाम खातं म्हणतं ताबा महसूलकडे. टपाल कक्षात देऊन स्थळप्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा छापून ठेवा.

मागण्या दोन भागांत लिहा. तातडीची मागणी: संजय गांधी शाखेचं कामकाज सात दिवसांत तळमजल्यावर आणावं आणि स्वच्छतागृह रिकामं करून उघडावं. याला बांधकाम लागत नाही, निधी लागत नाही, एका आदेशाचं काम आहे. कायद्यात याला वाजवी सोयीसुविधा म्हणतात आणि ती मिळेल हे पाहणं कलम ३(५) प्रमाणे सरकारचं कर्तव्य आहे. कायमची मागणी: रॅम्प, कठडे, लिफ्ट, प्रत्येकाची तारखेसह. दोन्ही एकत्र कालवलंत तर रॅम्पचा निधी येईपर्यंत शाखाही वरच राहते.

उत्तर आलं नाही किंवा गोलमाल आलं, तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे. केंद्राचं कार्यालय, राष्ट्रीयीकृत बँक किंवा रेल्वे असेल तर दिल्लीचे मुख्य आयुक्त. तक्रारीत तुमचा आणि समोरच्यांचा पूर्ण पत्ता, तारखांनिशी घटनाक्रम, मापं, फोटो, आधीच्या अर्जांच्या पोचा आणि नेमकी काय दाद हवी ते. सुनावणीची तारीख चुकवू नका. केंद्रीय नियमांत तक्रारदार गैरहजर राहिला तर तक्रार निकाली काढण्याची मुभा आहे.

आयुक्तांना कलम ८२ खाली साक्षीदाराला बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पण शेवटी ते देतात ती शिफारस. कलम ८१ प्रमाणे संबंधित खात्याने त्यावर कारवाई करून तीन महिन्यांत कळवायचं असतं आणि शिफारस मान्य नसेल तर कारण द्यायचं असतं. दंड (कलम ८९, पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येकाला ५० हजार ते ५ लाख) आयुक्त ठोठावत नाहीत, ते न्यायालयाचं काम आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. १९९५ च्या कायद्यापेक्षा हा कायदा कितीतरी पुढचा, सातऐवजी २१ प्रकारची दिव्यांगता, तीनऐवजी चार टक्के आरक्षण. पण इमारतीच्या बाबतीत चूक करणारा, दाखला देणारा आणि दुरुस्त करणारा, तिन्ही सरकारच. आपल्याच खात्याचा दाखला अडवणारा अधिकारी विरळा. म्हणून दाखल्यावर सही कोणाची, हे शोधून तक्रारीत पदनामासह लिहिणं आवश्यक आहे. खातं म्हटलं की जबाबदारी विरून जाते.

तीन महिने उलटले, शिफारस पाळली नाही आणि कारणही दिलं नाही, की उच्च न्यायालयाची वाट खुली होते. वकिलाच्या खर्चाची भीती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत विधी सहाय्य मिळतं, उत्पन्नाची अट नाही.

एक इशारा. रॅम्पच्या तक्रारीत कलम ९२ घालू नका. ते लोकांसमोर मुद्दाम केलेला अपमान, मारहाण अशा गुन्ह्यांसाठी आहे. कर्मचाऱ्याने तसं काही केलं असेल तर पोलिसांत वेगळी तक्रार द्या. एकाच कागदात घातलंत तर चौकशी अपमानाच्या भोवती फिरत राहते आणि रॅम्प तसाच राहतो.

कानोसा

यात एक भर घालणं जरुरीचं आहे. तळमजल्याची मागणी केली की पुष्कळदा उत्तर येतं, "यायची गरजच काय, ऑनलाइन अर्ज करा." ती सोयही तपासल्याशिवाय मान्य करू नका.

अर्जाचा नमुना उघडा, चार ओळी निवडा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मजकूर निवडताच येत नसेल तर ते नुसतं छायाचित्र आहे, स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तिथे कोरा कागद दिसतो. निवडता आला, पण चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा आला, तर तो युनिकोडआधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. पडद्यावर देखणी मराठी दिसते, पण एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर तो कचरा अक्षरशः वाचून दाखवतो. २०१७ च्या नियमांत संकेतस्थळावरचे दस्तऐवज ईपबमध्ये किंवा मजकूर ओळखता येणाऱ्या पीडीएफमध्ये ठेवायला सांगितलं आहे. संकेतस्थळं आणि ॲप दिव्यांगांना वापरता यावीत यासाठीचं आयएस १७८०२ हे भारतीय मानकही २०२३ मध्ये नियमांत आलं.

मग कॅप्चा. आवाजाचा पर्याय आहे का बघा. बटणांना नावं आहेत का, नुसत्या टॅब कळीने शेवटपर्यंत जाता येतं का, ओटीपी टाकेपर्यंत वेळ संपतो का. आणि छायाचित्र काढताना "डोळे मिचकवा" म्हणणारी पडताळणी असेल तर अनेक दृष्टिहीनांना आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना ती पारच करता येत नाही. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकारच्या डिजिटल केवायसीबद्दल २० निर्देश दिले आणि डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

कर्णबधिरांसाठी: कार्यालयाने फक्त फोन क्रमांक दिला असेल तर लेखी संदेशाचा पर्याय आणि सुनावणीला सांकेतिक भाषेचा दुभाषी लेखी मागा, तारखेच्या बऱ्याच आधी. आयत्या वेळी दुभाषी मिळत नाही आणि सुनावणी तशीच उरकली जाते.

सह्यकडा

तिघांचेही आभार. दोन शंका. तक्रार करणाऱ्याकडे ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) असलंच पाहिजे का? आणि आधी लोकशाही दिनात, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायच्या मासिक बैठकीत, जावं की थेट पुण्याला आयुक्तांकडे?

स्थळप्रत

४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आणि काही योजनांसाठी आहे. इमारतीत शिरता येण्याच्या हक्काला ती लागू नाही. कार्ड असेल तर प्रत जोडा, नसेल म्हणून थांबू नका. संस्थाही तक्रार करू शकते आणि आयुक्त स्वतःहूनही दखल घेऊ शकतात.

लोकशाही दिनाचा उपयोग आहे, कारण तिथे जिल्हाधिकाऱ्यांसमोर महसूल आणि बांधकाम दोन्ही खात्यांचे अधिकारी एकाच वेळी असतात. तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. अर्ज आगाऊ द्यावा लागतो आणि जिल्ह्याला जाण्याआधी तालुक्याला दिलेला असावा लागतो. तिथे तातडीची मागणी रेटा, शाखा खाली आणण्याची. ती तिथल्या तिथे मार्गी लागू शकते. पण त्यासाठी पुण्याची तक्रार अडवून ठेवू नका.

ओळंबा

तक्रार गेली की बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. पहिली, घडीचा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा रॅम्प आणून ठेवतात. तो एकदोन पायऱ्यांसाठी ठीक. ७५० मिमी चढाला ९ मीटरचा घडीचा रॅम्प कोणी आणत नाही, आणतात तो दोनतीन मीटरचा, म्हणजे आत्ताच्यापेक्षाही उभा. तात्पुरता म्हणूनही स्वीकारू नका.

दुसरी, संयुक्त पाहणी लावतात. ती तुम्ही स्वतःच मागा आणि रोज व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती सोबत असू द्या, पण तिला त्या रॅम्पवर चढून दाखवायला लावू नका. मापं पुरेशी आहेत. जागा कमी आहे असं म्हणतील. १२ मीटर सरळ जागा नसेल तर रॅम्प मध्ये १.५ मीटरच्या सपाट टप्प्यावर वळवून साडेचार-साडेचार मीटरच्या दोन भागांत बसतो, हे कागदावर रेखाटूनच न्या. फरशी खरबरीत हवी, तीही ओली असताना न घसरणारी, हे वेगळं लिहून घ्या. नाहीतर नव्या रॅम्पवरही तीच चकचकीत फरशी बसते. टिपणीवर सही करण्याआधी उतार, रुंदी आणि कठड्याची उंची आकड्यांत नोंदवली आहे ना ते वाचा. "रॅम्प अस्तित्वात असून समाधानकारक" असा शेरा असेल तर त्याच कागदावर सहीच्या वर तुमची मापं आणि आक्षेप लिहा, मग सही करा, आणि प्रत तिथेच मागून घ्या.